पिशवीची लस हाय का ही?

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत माता-पालक मेळावा झाला. माता म्हणायचं पण समोर बसलेल्या निम्म्याहून जास्त आज्या होत्या, कारण बीड जिल्ह्यात केज तालुक्यातलं हे आमचं गाव म्हणजे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला सुरुवात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार बेळगावकडं, आणि मग पाडव्यापर्यंत गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं एवढंच राहतं. आरोग्य खात्यातल्या एक ताई आल्या होत्या. त्यांनी हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, पाळीतली स्वच्छता असं सगळं नीट सांगितलं, आणि शेवटी सांगितलं की मुलींसाठी एक लस असते, ९ ते १४ वर्षांच्या वयात द्यायची, ती दिली की पुढं गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायचा धोका बराच कमी होतो, ती आपल्याकडं आली की तुम्ही नाही म्हणू नका.

सहावीतल्या एका मुलीची आजी मागं भिंतीला टेकून बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "पिशवीची लस हाय का ही?"

ताई म्हणाल्या, हो मावशी, तसंच समजा.

"माझ्या सुनेला बी कॅन्सर व्हईल म्हणूनच पिशवी काढाय लावली. सत्तावीस वर्साची व्हती ती. आता नातीला बी कॅन्सरच सांगायलेत व्हय?"

कुणी काही बोललं नाही. ताईंकडं उत्तर नव्हतं आणि खरं सांगते, माझ्याकडंही नव्हतं, आणि मी त्या गावात अकरा वर्षं शिकवते. चहा आला, मेळावा संपला. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा राज्य सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. बहुतेक ऑपरेशनं खाजगी दवाखान्यात झालेली. आकडा पेपरात आला, टीव्हीवर आठ दिवस चर्चा झाली. पण गावात बसून ऐकलं की कळतं हे कसं होतं. उसाच्या फडावर संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, पहाटे तीन-चारला उठून मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये भरायच्या, एक दिवस बसलं की टोळीचा मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरी, धरून पैसे कापतो, आणि मग अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून बाई गावाकडं आली की दवाखान्यात जाते. तिथं सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून सांगतात की पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर म्हणलं की घरातले सगळेच घाबरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऑपरेशन करतात आणि ती उचल फेडायला पुन्हा फडावर जातात. तिशीच्या आत पिशवी गेलेल्या बायकांची कंबर कायमची दुखते, घाम फुटतो, चिडचिड होते, झोप लागत नाही, ते मी रोज बघते. त्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आया आहेत.

म्हणजे ज्या शब्दानं या बायकांना एकदा फसवलं तोच शब्द घेऊन आपण पुन्हा त्यांच्या दारात उभे आहोत. यावेळी तो शब्द खरा आहे. पण त्यांनी तो कशावरून ओळखायचा?

शहरातल्या माझ्या मैत्रिणी, नात्यातले लोक, कधीकधी आमच्या स्टाफरूममधले पण, लगेच म्हणतात की खेड्यातले लोक अडाणी, अंधश्रद्धाळू, लसीला घाबरतात. मला हे ऐकलं की फार त्रास होतो. याच गावात पोलिओच्या रविवारी बाया लेकरं काखेत मारून स्वतःहून येतात, बुथ उघडायच्या आधी. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू आहे, २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातली शेवटची केस सापडली आणि २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या बायांचा वाटा नाही का? माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या लसीचा रुपयाएवढा वण होता आणि ती तो कौतुकानं दाखवायची, कारण देवी आलेली माणसं तिनं पाहिली होती. त्याच आजीनं सांगितलेली दुसरी गोष्ट पण आहे, १९७६ ला आणीबाणीत नसबंदीची जीप गावात आली की आजोबा ज्वारीत जाऊन बसायचे, आणि गुरुजी लोकांना केसेस आणायचं टार्गेट असल्यामुळं शाळेतल्या गुरुजींना बघून पण माणसं वाट बदलायची. त्या एका वर्षात देशभरात ८० लाखांवर नसबंदी झाल्या. म्हणजे एकाच घरात लसीचं कौतुकही होतं आणि सरकारी जीपची भीतीही होती, दोन्ही खऱ्या अनुभवातून आलेलं.

गुरुजींवरून माझी स्वतःची गोष्ट सांगते, ती मला आजही बोचते.

२०१८ ला नोव्हेंबरच्या २७ तारखेपासून राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतच्या सगळ्या लेकरांना एक इंजेक्शन, शाळांमधूनच. आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलं, शंभर टक्के पाहिजे. पालकांना द्यायच्या चिठ्ठ्या आल्या. आता टोळ्या गेलेल्या, घरी आज्या, त्यांना वाचता येत नाही, चिठ्ठ्या दप्तरातच राहिल्या. आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सअपवर व्हिडिओ फिरायला लागला की ही लस घेतली की पोरांना पुढं मूलबाळ होत नाही. एका मुलानं मला विचारलं, मॅडम आजीला विचारून येऊ का, आणि मी म्हणलं, काही गरज नाही, सगळ्यांनाच देतात. हे मी म्हणलं. टक्केवारी भरायची होती.

चौथीतला एक मुलगा सकाळी उपाशी आला होता, रांगेत पुढच्याचं रडणं ऐकून घाबरला, आणि सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडला. बाकावर झोपवलं, पाणी दिलं, साखर दिली, दहा मिनिटांत उठून बसला. पण संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की लेकरू गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात एकतीस पैकी सहा मुलं.

त्या दिवशी ज्यांनी सावरलं त्या गावात घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या आशाताई. त्या आदल्या रात्री त्या मुलाच्या घरी अकरापर्यंत बसून होत्या, थर्मामीटर लावून, आजीशी गप्पा मारत, लसीबद्दल एक अक्षर न बोलता. सकाळी त्यांनी त्या पोराला दूध-भाकर खाऊ घातली आणि त्याचा हात धरून सगळ्या गल्ल्यांतून फिरवून आणलं, वाड्याकडून, वस्तीकडून, पाराजवळून, बघा, हे तुमचं गेलेलं लेकरू. आणि मग दारोदार थांबून सांगितलं की ताप येऊ शकतो, हात दुखतो, अंगावर एखाद दिवस पुरळ पण येईल, त्याला घाबरायचं नाही, श्वासाला त्रास झाला तर मात्र रात्रीचे बारा वाजले तरी मला उठवा. चार दिवसांनी उरलेली मुलं आली. मी ज्यांना सांगितलं नव्हतं त्या आज्यांपैकी दोघी तिघी मला नंतर म्हणाल्या, "मॅडम, तुमी आदीच सांगायचं ना." तेवढंच. त्यावर मी काय बोलणार.

गोवर किती भयानक पसरतो हे तेव्हा मला तरी कुठं नीट माहीत होतं. एका आजारी लेकरामुळं लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना होऊ शकतो म्हणतात, म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव लेकरांना दोन्ही डोस लागतात, तरच गाव वाचतं. हे मला कुणी मीटिंगमध्ये सांगितलं असतं तर मी ते आज्यांना सांगितलं असतं. आम्हाला फक्त टक्के सांगितले.

मग कोरोना.

२०२१ चा मे महिना आठवतो का? १ मे पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस असं जाहीर झालं आणि नोंदणी मोबाईलवर, को-विनवर. आमच्याकडं घराच्या माळवदावर गेल्याशिवाय रेंज येत नाही आणि स्लॉट मिनिटात संपायचे. आमच्या जवळच्या केंद्रावर गाड्या यायच्या, पुण्याच्या नंबरच्या, औरंगाबादच्या नंबरच्या, शहरात मिळेना म्हणून खेड्यातला स्लॉट बुक करून आलेली माणसं, त्यांचा पण दोष नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा. पण गावातली पोरं गेटपाशी उभी राहून बघत होती. आणि १२ मे ला लस कमी पडते म्हणून राज्यानं १८ ते ४४ चं लसीकरणच थांबवलं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. आधी २८ दिवस होतं, मार्चमध्ये ६ ते ८ आठवडे केलं होतं. जास्त अंतरानं जास्त ताकद येते असा अभ्यास होता त्याच्यामागं, पण नेमकं तुटवड्यातच अंतर वाढलं तर माणूस काय समजणार? आमच्या शेजारचे काका म्हणाले, "दुकानात माल नसला की दुकानदार म्हणतो उद्या ताजा येणाराय." बरं, हे नीट समजावून सांगायला कोण होतं, तर पुन्हा आशाताईच, आणि त्याच जून महिन्यात राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा संपावर गेल्या होत्या, मानधन वाढवा म्हणून.

आणि नोव्हेंबर उजाडला की सगळं उलटं. आता लस भरपूर आणि माणसं येईनात. औरंगाबाद जिल्ह्यात तर आदेशच निघाला, एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. आकडे वाढले त्यानं, मी नाकारत नाही. पण मे मध्ये जो माणूस गेटवरून परत गेला त्याला नोव्हेंबरमध्ये रेशन बंद करायची भीती घालायची, त्याला काय वाटलं असेल याचा विचार कुणी केला का. आमच्या गावात त्या महिन्यात लोक लस का घेत नव्हते ते मी घरोघर जाऊन ऐकलंय, सर्व्हेची ड्युटी होती. मूल होत नाही म्हणणारे होते, दोन वर्षांत माणूस मरतो म्हणणारे होते, पण सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण यातलं कुठलंच नव्हतं. "ताप येतो म्हणं दोन दिस. टोळी उद्या निघायली. फडावर जाऊन ताप आला तर खाडा कोण भरंल?" आता याला लसीची भीती म्हणायची का? हा साधा हिशेब आहे, आणि त्याचं उत्तर एकाही पोस्टरवर नव्हतं. टोळी निघायच्या आठ दिवस आधी द्या, नाहीतर कारखान्यावरच टोचायला जा आणि त्या दोन दिवसांचा खाडा धरायचा नाही असं मुकादमाला बजावा, एवढं केलं असतं तरी निम्मं गाव तयार होतं.

२०२४ च्या मे मध्ये माझा फोन दिवसभर वाजत होता. इंग्लंडच्या कोर्टात कंपनीनं कबूल केलं की ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनं फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि ती लस म्हणजेच आपली कोव्हिशिल्ड. "मॅडम, तुमीच म्हणला होता घ्या म्हणून." एकीच्या नवऱ्याला सहा महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला होता, तिनं ते थेट लसीला जोडलं आणि रडायला लागली. मी दोन रात्री बसून वाचलं. तर आपल्या आरोग्य मंत्रालयानं १७ मे २०२१ लाच सांगितलेलं होतं की ४९८ गंभीर केसेस तपासल्या, त्यात २६ गुठळ्यांच्या असू शकतात, म्हणजे दर दहा लाख डोसमागं ०.६१. दहा लाखात एक पण नाही. आणि हा त्रास लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही. हे मी तिला सांगितलं, तिला पटलं की नाही माहीत नाही, पण तिनं ऐकून घेतलं.

लपवलं नव्हतं हो कुणी. पण ते सांगितलं कुठं, तर प्रेस नोटमध्ये, दिल्लीत. केंद्रावर अर्धा तास खुर्चीत बसवायचे ना लस दिल्यावर, त्या अर्ध्या तासात एवढंच सांगितलं असतं, की दहा लाखात एखाद्याला असं होऊ शकतं, पंधरा-वीस दिवसांत डोकं फार दुखलं, पाय सुजला, दम लागला तर लगेच दाखवा, तर तीन वर्षांनी कोर्टातली बातमी वाचून एवढी माणसं हादरली नसती. माणसाला धोका सांगितला की तो पळून जातो असं सांगणाऱ्यांना वाटतं. आमच्या आशाताईंनी २०१८ ला आधी ताप सांगितला होता आणि मग मुलं आली होती.

आता पुन्हा त्या आजीकडं येते.

मेळावा झाल्यापासून मी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल मिळेल ते वाचतेय. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना होतो आणि ७५ हजारांवर बायका जातात. तो एका विषाणूमुळं होतो, एचपीव्ही, म्हणून तर लस निघू शकली. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे की यातला जगभर गाजलेला एक अभ्यास आपल्या शेजारी झालाय, उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा, यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांना त्यात घेतलं, गावागावातून. एकदाच एचपीव्हीची तपासणी करून लगेच उपचार केले तरी आठ वर्षांत मृत्यू निम्म्यावर येतात हे त्यातून कळलं, २००९ ला न्यू इंग्लंड जर्नल या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजार बायकांच्या गटात ६४ जणी गेल्या, तपासलेल्या गटात ३४. त्या ३१ हजार जणींची तपासणी का नाही केली यावर पुढं खूप टीका झाली आणि मला ती बरोबरच वाटते. त्या ६४ मध्ये कळंबच्या, भूमच्या, परंड्याच्या बायका असतील, आमच्या गावातल्या लेकी तिकडं दिलेल्या आहेत. जगाला जे ज्ञान मिळालं त्यात त्यांचा जीव आहे, आणि त्यांच्याच मुलखात आज बाईला कळत नाही की पिशवी न काढता पण हे टाळता येतं.

लसीच्या बाबतीत पण एक जखम आहेच. २००९ ला तेव्हाच्या आंध्रात खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला एचपीव्हीची लस मुलींना प्रकल्प म्हणून दिली होती. सात मुली वारल्या, चौकशीत ते मृत्यू लसीमुळं नव्हते असं निघालं, पण संमतीच्या कागदावर कितीतरी ठिकाणी आईबापाऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या हे पण निघालं. २०१० ला सगळं थांबलं, आणि त्यात आपली पुढची किती वर्षं गेली. हे वाचताना मला २०१८ चा तो मुलगा आठवला, आजीला विचारून येऊ का म्हणणारा. आमच्याकडं हंगामी वसतिगृहातल्या मुली आहेत, आज्यांपाशी ठेवलेल्या मुली आहेत. उद्या ही लस आमच्या शाळेत आली आणि मला सांगितलं की शंभर टक्के करा, सही तुम्हीच करा, तर मी करणार नाही. फडावर फोन लावून आईशी बोलेन.

माझ्या स्वतःच्या मुलीला मी ही लस दिलीय. आपल्या पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस २०२३ मध्ये बाजारात आली, दोन हजार रुपये डोस, अंबाजोगाईला नेऊन सहा महिन्यांच्या अंतरानं दोन दिले. आणि मी ते गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं हे मला आता सांगता येत नाही, पैशाचं वाटलं असेल, नाहीतर विषय पाळीच्या जागेचा म्हणून संकोच.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन त्या आजीच्या घरी गेले. आशाताई पण होत्या. आजीनं हातात चहा दिला आणि मी सगळं सांगितलं, की पिशवीला कुणी हात लावत नाही, दंडावर सुई आहे, हिला दोनदा दिली, हात दोन दिवस दुखला, एक रात्र कणकण होती. की ही लस सगळ्याच कॅन्सरवर नाही, शंभरातल्या सत्तर केसेस ज्या दोन प्रकारच्या विषाणूंमुळं होतात त्यावर आहे, म्हणून तिशीनंतर तपासणी करावीच लागते. की आता एका डोसनं पण भागतं असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय, म्हणजे टोळीबरोबर गेलेल्या पोरींचा दुसरा डोस चुकायची भानगड नाही. आणि सुनेच्या बाबतीत जे झालं ते चूक होतं, तिची पिशवी काढायची गरज बहुतेक नव्हतीच, हे पण सांगितलं. ते सांगताना मला फार जड गेलं. आजपर्यंत त्या घरी येऊन हे कुणी म्हणलं नव्हतं.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या मुलीला जवळ ओढलं, बाही वर करून दंड बघितला, बोटानं चाचपला. "वण बी न्हाई की," म्हणाली. मग आशाताईंकडं बघून, "पाडव्याला सून यीती. तवा तुमी दोघीबी या. तिला हेच सांगा, पिशवीचं बी सांगा. मग ती काय म्हणंल ते."

आशाताईंनी वहीत लिहून घेतलं.